विहिरीला आराम

महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमची विहीर मोजायची, म्हणून आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी अख्ख्या गावाचे पंप बंद व्हायचे. कुणी हाकाटी करायची नाही, कुणी आठवण करून द्यायची नाही. माझे सासरे, ज्यांना गाव टेपआबा म्हणतं, ते काठी टेकत रस्त्यानं एक फेरी मारायचे, आणि त्यांच्या मागं एकेक पंप गप्प होत जायचा. याला आमच्याकडे 'विहिरीला आराम' म्हणायचे. शनिवार-रविवार मिरची माना टाकून उभी राहायची. गाय रिकाम्या हौदात तोंड घालायची आणि मग माझ्याकडं अशी बघायची की जणू पाणी मीच पिऊन टाकलंय. मोजायची फक्त आमचीच विहीर, पण खालचं पाणी सगळ्यांचं एकच, म्हणून आराम सगळ्यांनी द्यायचा. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो, तसंच हे.

सोमवारी सकाळी आबा धुतलेला सदरा घालायचे. पत्र्याच्या पेटीतून पोलादी टेप काढायचे. त्याच्या टोकाला पितळेचं पोकळ वजन होतं. ते पाण्याला टेकलं की 'टुबुक' असा आवाज येतो, आणि त्याच क्षणी काठावरच्या खुणेपाशी टेप चिमटीत धरायचा. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून आकडा मी वाचत होते. वाचायचं मी, लिहायचं त्यांनी. भूजल खात्याकडं जायच्या छापील कागदावर आकडा लिहायचे, मग स्वतःच्या वहीत लिहायचे, आणि पेन्सिलचं टोक बघायला म्हणून पानाच्या कोपऱ्यात दोन-तीन ठिपके द्यायचे.

"नऊ वीस," मी त्या सोमवारी म्हणाले. म्हणजे काठापासून नऊ मीटर वीस सेंटिमीटरवर पाणी. विहीर अठरा मीटर खोल.

रस्त्यानं जाणाऱ्या कोपऱ्यावरच्या काकूंनी नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणते विहीर?"

"ठणठणीत!" आबा म्हणाले.

तासाभरात गावचे सगळे पंप सुरू झाले. दुपारी चारला आमचा पंप हवा ओढून खोकायला लागला, आणि मी धावत जाऊन बटण बंद केलं. हे दर महिन्याला व्हायचं, दर आठवड्याला व्हायचं, आणि सगळ्यांच्या विहिरींचं हेच होतं. पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मीसुद्धा नाही. म्हाताऱ्या माणसाचा एवढा एकच अभिमान, तो कशाला दुखवा, असं मला वाटायचं.

त्याच गुरुवारी भूजल खात्याच्या बाई आल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, पायांत जाड बूट. गावच्या सभागृहात त्यांनी टेबलावर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. नकाशात काही भाग लाल होते, काही पिवळे, आणि आमचं खोरं हिरवंगार.

"लाल म्हणजे पाणी संपत आलंय. हिरवं म्हणजे अजून उपसायला वाव आहे," बाई म्हणाल्या. "खालच्या शहराला तीन दिवसांआड पाणी मिळतं. नव्या आराखड्यात तुमच्या वरच्या माळावर सहा खोल बोअर घ्यायचे ठरतायत. पाइपनं पाणी शहराला जाईल."

मागच्या रांगेतली माणसं उठून नकाशाभोवती जमली.

"आणि हे शक्य झालं ते यांच्यामुळं," बाई आबांकडं वळल्या. "तेवीस वर्षं, एकही महिना न चुकवता. पाणी एवढ्या वर्षांत जेमतेम मीटरभर उतरलंय. अशी नोंद मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही." आणि त्यांनी आबांचा हात हातात घेतला.

आबांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. मी शेजारीच बसले होते. त्यांनी हात सोडवून घेतला आणि काठी जवळ ओढली.

सरपंच उठून म्हणाले, "आम्हाला हे मंजूर नाही. आमचंच आम्हाला पुरत नाही."

"मग तसं लेखी द्या, आकड्यांसकट," बाई म्हणाल्या. "अठरा दिवसांनी इथंच सुनावणी आहे. पण आकडे तुमच्याच गावचे आहेत हो. मी घरून नाही आणले."

माणसं मुकाट्यानं बाहेर पडली. आपलं झाडलेलं घर पाहून पाहुणा कायमचा राहायला आला होता, आणि आता त्याला 'जागा नाही' कुठल्या तोंडानं सांगायचं, हे कुणाला कळत नव्हतं.

त्या दिवशी जेवताना आमच्या घरात पहिल्यांदा त्या गोष्टीचं नाव निघालं. माझा नवरा मोटरवाला. गावातल्या यच्चयावत मोटरी जळाल्या की तोच नवी तार भरतो, विहिरीत तोच उतरवतो, तोच चढवतो.

"चार वर्षांत पंप खाली न्यायला प्रत्येक विहिरीत मी दोन-दोन नळ वाढवलेत, बाबा," तो ताटाकडं बघत म्हणाला. "दहा-दहा फुटी. पाणी जागच्या जागी असतं तर लोकांनी मला हौस म्हणून बोलावलं का?"

"मी खोटा आकडा लिहिला नाही," आबा म्हणाले. "एकसुद्धा नाही."

"आकडा खोटा नाही, आबा," मी म्हणाले. "पण आपण तीन रात्री पंप बंद ठेवून मोजतो. तो सणासुदीचा चेहरा झाला, रोजचा नव्हे. मी उद्यापासून रोज मोजते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पंप चालू असताना."

"माझ्या टेपनं नाही."

"का नाही?"

"कारण तो माझा आहे!" एवढं बोलून ते उठले, पेटीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. सासूबाई आमटी वाढता वाढता थांबल्या. "आता किल्लीलाही आराम," त्या म्हणाल्या.

मला रागही आला आणि वाईटही वाटलं. पण हातावर हात ठेवून बसण्यातली मी नाही. सकाळी मी नवऱ्याच्या दुकानात गेले. "अहो, मला पाण्याला टेकल्यावर सांगेल असं काहीतरी करून द्या."

त्यानं डोकं खाजवलं. मग मोटरची जुनी दोन तारांची केबल घेतली, टोकाला दोन्ही तारा उघड्या करून दगडी गोट्याबरोबर बांधल्या. दुसऱ्या टोकाला बॅटरी आणि कुठल्यातरी भंगारातल्या सायकलचा बझर. केबलला दर अर्ध्या मीटरला लाल चिकटपट्टी गुंडाळली. बादलीत बुडवून पाहिलं तर बझर असा कोकलला की समोरच्या चहावाल्याच्या हातातला कप निसटला.

"टेपआबाची सून बझरवाली," चहावाला म्हणाला. संध्याकाळपर्यंत ते नाव गावभर झालं.

मी अकरा विहिरी ठरवल्या. सकाळी सहाला पंप सुरू व्हायच्या आधी, दुपारी दोनला, आणि दिवेलागणीला. डोक्याला फडकं बांधायचं, गळ्यात बॅटरीची पिशवी, हातात केबलचं वेटोळं. पहिल्या दिवशी केबल सोडताना तळहात सोलले, दुसऱ्या दिवशी त्यावर फोड आले, तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याचे मोटर उचलायचे जाड हातमोजे घालून गेले. दुपारी काठाचे दगड एवढे तापलेले असायचे की गुडघा टेकवत नसे. पोतं भिजवून खाली टाकावं म्हटलं, तर त्यासाठी पाणी मागायची लाज वाटायची.

चौथी विहीर कोपऱ्यावरच्या काकूंची. त्या कमरेवर हात ठेवून वाटेतच उभ्या.

"बिनआरामाची मोजायची नाही."

"काकू, आहे तेच मोजायचंय."

"आहे ते चारचौघांत दाखवायचं नसतं. उद्या नकाशात आमचं लाल झालं, तर मुलाला मुलगी कोण देईल? पाणी नसलेल्या गावात?"

"आणि सहा बोअर पडल्यावर कोण देईल?"

"तुझ्या सासऱ्यानं तेवीस वर्षं गावाची अब्रू राखली. तू ती चव्हाट्यावर मांड." त्यांनी विहिरीवरचं झाकण माझ्यासमोर ओढलं. लोखंडी झाकण, दोन माणसांनी उचलायचं, ते त्या बाईनं एकटीनं ओढलं.

मी उन्हात उभी राहिले आणि मला रडू फुटलं. पण वही भिजेल म्हणून आधी ती पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी दोनला परत गेले, तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी झाकण उघडं होतं आणि काकू पाठमोऱ्या भांडी घासत होत्या. मी मोजलं, लिहिलं, निघाले. त्या वळल्या नाहीत.

घरात आबा माझ्याशी बोलत नव्हते. बोलायचं ते सासूबाईंमार्फत. मी समोर बसलेली असतानाच ते म्हणायचे, "तिला सांग, दार उघडं राहिलंय." सासूबाई माझ्याकडं वळून म्हणायच्या, "दार उघडं राहिलंय गं." मी म्हणायची, "लावते." सासूबाई त्यांच्याकडं वळून म्हणायच्या, "लावते म्हणाली." आठव्या दिवशी त्या वैतागल्या. "मला महिन्याचा पगार सुरू करा," असं म्हणून गोठ्यात निघून गेल्या.

बारा दिवसांचे आकडे झाले. सकाळी अकराच्या अकरा विहिरींत पाणी पंधरा मीटरच्या आसपास, संध्याकाळी सतराच्या खाली. मी ते कागदावर नीट उतरवले आणि बस धरून खात्याच्या कचेरीत गेले. बाईंच्या खोलीत भिंतीला लागून लांबट खोकी होती, त्यांत जमिनीतून काढलेले दगडांचे गोल तुकडे ओळीनं मांडलेले. बाईंनी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"मोजणी चांगली केलीत. कशानं?"

मी बझर दाखवला. त्या खुदकन हसल्या. "आमचं यंत्रही असंच असतं. फक्त किंमत मोठी." मग त्यांचा चेहरा पुन्हा कामाला लागला. "पण हे बारा दिवसांचे आहेत. माझ्याकडं तेवीस वर्षांचे आहेत. मी कुणाचं ऐकू?"

"ते आराम दिलेल्या विहिरीचे आहेत."

"एक रात्र आराम द्यायचाच असतो. नियम आमचाच आहे तो. पहिल्या प्रशिक्षणात आम्हीच सांगितलं असेल."

"एक रात्र नाही. तीन. आणि एका विहिरीला नाही, सगळ्या गावाला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तीन? केव्हापासून?"

मला सांगता येईना. मी लग्न होऊन आले तेव्हा आराम होताच. किती रात्रींचा होता, हे कधी मोजलंच नव्हतं.

"इथंच घोडं अडतंय बघा," बाई म्हणाल्या. "केव्हापासून ते कळलं नाही, तर जुनी नोंद खरी कुठपर्यंत आणि खोटी कुठून, हे मला समितीला सांगता येणार नाही. मग समिती म्हणणार, नोंद तशीच धरा. हे एकच माणूस सांगू शकतो, आणि त्यांनी सहीनिशी सांगायला हवं. तुम्ही सांगून भागणार नाही. सुनेनं सासऱ्यावर केलेली तक्रार म्हणून तो कागद फायलीत झोपेल."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले. सुनावणीला चार दिवस उरले होते. एवढी वणवण केली ती कुठं आली, तर आमच्याच घरातल्या कुलूपबंद पेटीपाशी.

रात्रीच्या जेवणाला मी सासूबाईंना मध्ये न घालता थेट सांगितलं. बाई काय म्हणाल्या ते सगळं, शब्दाला शब्द. आबांनी घास खाली ठेवला. "म्हणजे भर सभेत मी म्हणायचं, की मी फसवलं?"

"तुम्ही फसवलं नाही, आबा. पण किती रात्री, ते तुम्हालाच माहीत आहे."

ते ताटावरून उठले. त्या वयात अन्नावरून उठलेला माणूस बघवत नाही. मला माझ्याच जिभेची चीड आली. पण शब्द परत घ्यावा असं मात्र वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी आमच्या विहिरीवर केबल सोडत होते. पंप चालू होता. मागून काठीचा आवाज आला. आबा भर उन्हात, डोक्याला काही नाही, हातात टेप. तेवीस वर्षांत ते दुपारी मोजायला कधी आले नव्हते.

"बाजूला हो," ते म्हणाले. माझ्याशी. थेट.

त्यांनी वजन सोडलं. टेप बोटांतून सरकत राहिला. नऊ मीटरपाशी त्यांचा हात सवयीनं थांबला. तेवढ्यावर 'टुबुक' यायला हवं होतं. आलं नाही. त्यांनी आणखी सोडला. बारा. चौदा. ते कान वळवून ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. सोळाला पंप खोकला, पाइपातून हवा फुरफुरली, आणि त्यांनी दचकून माझ्याकडं पाहिलं. मी बटण बंद केलं. शांत झाल्यावर, खूप खालून, बारीकसं 'टुबुक' आलं.

"वाच."

"सतरा दहा."

"नीट वाच."

"सतरा दहा, आबा."

ते तापलेल्या काठावर तसेच बसले. टेप गुंडाळायचंही सुचत नव्हतं. मग बोलायला लागले.

"खात्याच्या साहेबानं सांगितलेलं, एक रात्र शांत ठेवा. ठेवली. सकाळी आठ दहा, आठ पंधरा. वर्षानुवर्षं तेच. मग एकदा निघालं दहा. मला वाटलं, दमली असेल, अजून एक रात्र देऊन बघू. दिली, तर आठ वीसवर आली. मी म्हटलं, ही खरी, कालची दमलेली. माणूस आजारी असताना आपण त्याचं वजन करतो का? मग दोन रात्रींनी पुरेना. मग तीन."

"केव्हापासून, आबा? तेवढंच हवंय."

त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "वह्या आण."

तेवीस वह्या मी ओटीवर आणून ठेवल्या. त्यांनी पहिली उघडली आणि पानाच्या कोपऱ्यावर नख ठेवलं. "हे बघ."

कोपऱ्यात एक ठिपका. पुढच्या पानावर एक. वर्षभर एकेक. मी वह्या भराभर उलटत गेले. नऊ वर्षं एकेक ठिपका. दहाव्या वहीच्या मध्यापासून दोन. एकोणिसाव्या वहीपासून तीन.

"पेन्सिलचं टोक नव्हे होय हे?" मी विचारलं.

"टोक कशाला बघू? टोक मला दिसतं का आता?" ते म्हणाले. "छापील कागदावर रात्री लिहायला जागा नव्हती. आणि कुणी विचारलंही नाही. पण मोजणाऱ्यानं स्वतःपाशी तरी खोटं ठेवू नये, म्हणून देत गेलो."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. मी त्यांचे पाय धरले, तर ते म्हणाले, "पाय सोड, लाल पेन्सिल बघ. ठिपके त्या बाईंना दिसायचे नाहीत." तीन दिवस आम्ही दोघं ओटीवर बसलो. मी पान उघडायचं, ठिपके मोजायचे, ते सांगतील तिथं लाल आकडा घालायचा, खाली त्यांनी सही करायची. दोनशे शहात्तर सह्या. शेवटी शेवटी हात एवढा कापायला लागला की सासूबाईंनी मनगट धरून ठेवलं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. समितीची तीन माणसं, बाई, आणि दाराबाहेरही गर्दी. आबा धुतलेल्या सदऱ्यात उभे राहिले. नवऱ्यानं वह्यांचं गाठोडं टेबलावर ठेवलं.

"मी या गावचा मोजणीदार," आबा म्हणाले. "माझे आकडे खरे आहेत, पण ते सजवलेल्या विहिरीचे आहेत. नियम एका रात्रीचा. मी आधी दोन रात्री दिल्या, मग तीन. गावाला मीच थांबवलं. चूक माझी, गावाची नाही."

मागून कुणीतरी "आबा, बसा" म्हणालं. बहुतेक काकूच. आबा बसले नाहीत.

समितीतला चष्मेवाला माणूस पुढं वाकला. "म्हणजे ही तेवीस वर्षांची नोंद बाद समजायची?"

आबांनी पहिली आणि शेवटची वही शेजारी शेजारी उघडून ठेवली.

"बाद कशाला? लाल आकडा वाचा, साहेब. पहिल्या वर्षी विहीर एका रात्रीत आठ मीटरपर्यंत भरायची. मधे तेवढंच भरायला दोन रात्री लागल्या. आता तीन रात्री जाऊनही नऊच्या वर येत नाही. सुनेचे कागद बघा, एका रात्रीत ती आता पंधरालाच थांबते. खाली येणारं पाणी किती मंदावलंय, ते महिन्या-महिन्याला लिहिलेलं आहे. मी लपवलं खरं, पण किती लपवलं तेही लिहून ठेवलंय."

बाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि उभ्यानंच वह्या चाळायला लागल्या. त्यांचं बोट कोपऱ्यांवरून फिरत होतं. अर्ध्या तासानं त्यांनी चष्मेवाल्याकडं पाहिलं.

"सर, विहीर भरायला किती वेळ लागतो याची तेवीस वर्षांची नोंद आहे ही. आपल्या कुठल्याच केंद्रावर अशी नाही." मग त्या वाकल्या आणि आबा वहीत लिहितात तशा ठळक अक्षरात आराखड्याच्या पानावर लिहिलं: फेरमोजणी होईपर्यंत या खोऱ्यात नवीन बोअर नाही.

"शहराचं काय?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"शहराला पाणी हवंच आहे. पण नसलेल्या ठिकाणाहून नाही देता येत," बाई म्हणाल्या. समितीनं त्या ओळीखाली सह्या केल्या. आम्हालाही बाईंनी सोडलं नाही. "आणि तुम्ही सगळे एकाच वेळी पंप चालवता ते बंद करा. पाळ्या लावा. नाहीतर सहा बोअर नसले तरी पाच वर्षांत हेच होणार आहे."

त्यावरून गावात भांडणं झाली, अजून होतात. पाळ्यांचा कागद दोनदा फाडला गेला, तिसऱ्यांदा सभागृहाच्या भिंतीला चिकटवला. काकूंची पाळी पहाटेची आली म्हणून त्या आठ दिवस माझ्यावर फुगून बसल्या होत्या. एक मात्र झालं, पहिल्या पाळीला त्यांचाच पंप चालू झाला आणि वेळ संपल्यावर त्यांनीच बंद केला.

मग पहिला सोमवार आला. शुक्रवारी संध्याकाळी आबा फेरी मारायला निघाले नाहीत. रविवारी दिवसभर पाळ्यांप्रमाणं पंप चालले, फक्त शेवटची रात्र नियमाची. सकाळी त्यांनी सदरा घातला, टेप काढला, वजन सोडलं. मी खुणेपाशी वाकले आणि आकडा वाचला. त्यांनी तो छापील कागदावर लिहिला, कोपऱ्यात एक ठिपका दिला, आणि पेन्सिल माझ्याकडं केली.

"मोजणाऱ्याची सही. तुझी."

मी सही केली. रस्त्यानं काकू चालल्या होत्या. काठाजवळ येऊन थांबल्या, विचारू की नको असं झालं त्यांना, आणि शेवटी विचारलंच.

"काय म्हणते विहीर?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं, आणि पलीकडच्या मळ्यांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "चौदा नव्वद!"